बी.एस्सी. नर्सिंगचं पहिलं वर्ष: नाशिकमध्ये शिकताना अभ्यास कसा लावायचा

दरवर्षी वर्ग भरला की मी पहिल्या तासाला गावं विचारते. सुरगाणा, पेठ, कळवण, येवला, नांदगाव, इगतपुरी. निम्म्याहून जास्त मुली-मुलं घर सोडून पहिल्यांदाच नाशिकला राहायला आलेली असतात. रक्ताची किंवा वॉर्डाची भीती फार थोड्यांना असते. बहुतेकांच्या पोटात गोळा येतो तो ॲनाटॉमीचं इंग्रजी पुस्तक उघडल्यावर. एका पानात तीस शब्द अनोळखी, आणि शिकवणं, पेपर सगळं इंग्रजीतच.

मी आधी वॉर्डात होते, आता नर्सिंग फाउंडेशन, म्हणजे पेशंटच्या सेवेची मूळ कौशल्यं, शिकवते. या भीतीतून मीही गेलेली आहे, म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे. पहिल्या वर्षात तुम्हाला दोन भाषा एकमेकींना जोडायच्या असतात. पेशंट बोलतो ती एक, आणि केसपेपरवर लिहिली जाते ती दुसरी. यातली पहिली भाषा तुम्हाला घरातूनच येते. ती बाजूला ठेवून अभ्यास करू नका.

पहिला आठवडा: तासांचा हिशेब करा

इंडियन नर्सिंग कौन्सिलने २०२१ मध्ये राजपत्रातून लागू केलेल्या अभ्यासक्रमात चार वर्षांची आठ सेमिस्टर आहेत. परीक्षा महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या. हे विद्यापीठ १९९८ मध्ये स्थापन झालं आणि आपल्याच म्हसरूळला, दिंडोरी रोडवर आहे. अभ्यासक्रमाची प्रत पहिल्याच आठवड्यात मिळवा आणि कुठल्या विषयाला किती तास दिलेत ते पाहा.

पहिल्या सेमिस्टरला कम्युनिकेटिव्ह इंग्लिशचे ४० तास, आणि ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, सोशिऑलॉजी, सायकॉलॉजी या चारही विषयांचे प्रत्येकी ६० तास. बेरीज २८०. एकट्या नर्सिंग फाउंडेशनचे मात्र थिअरीचे १२०, लॅबचे ८० आणि क्लिनिकलचे, म्हणजे वॉर्डातल्या कामाचे, १६० मिळून ३६० तास. म्हणजे बाकी सगळे विषय एकत्र केले तरी फाउंडेशन जड. दुसऱ्या सेमिस्टरला ते ५६० तासांवर जातं.

तरीही मुलं पहिल्या सेमिस्टरला फाउंडेशनकडे दुर्लक्ष करतात. कारण त्याची विद्यापीठाची लेखी परीक्षा दुसऱ्या सेमिस्टरच्या शेवटी असते. पण पहिल्या सेमिस्टरचे इंटर्नल, म्हणजे कॉलेजने दिलेले, मार्क पुढे धरले जातात. डिसेंबरात ‘नंतर बघू’ म्हणून सोडलेली लॅब मे महिन्यात भरून काढता येत नाही, कारण हाताचं काम रात्रभर जागून पाठ होत नसतं.

हजेरीचा नियमही नीट समजून घ्या. परीक्षेला बसायला प्रत्येक विषयात थिअरी आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के हजेरी लागते. क्लिनिकलची मात्र पदवी मिळण्याआधी १०० टक्के भरून द्यावी लागते. पोस्टिंगचा बुडलेला दिवस माफ होत नाही, तो पुढे सुट्टीत भरावा लागतो. गावाला जत्रा असो, लग्न असो, आधी क्लिनिकलचं वेळापत्रक बघा आणि मग एसटीचं तिकीट काढा.

खरेदी कमीच करा. सेकंदकाटा असलेलं घड्याळ, खिशात मावणारी डायरी, निळं आणि लाल पेन, आणि पायाला न चावणारे बूट एवढं पहिल्या दिवशी हवंच. ॲनाटॉमीचं एक चांगलं रंगीत चित्रांचं पुस्तक स्वतःचं असावं. बाकीची पुस्तकं महिनाभर लायब्ररीतून वापरून बघा. सीनिअरकडून जुनी मिळाली तर उत्तमच, फक्त ती नव्या अभ्यासक्रमानुसार आहेत याची खात्री करा. शिवाय हिपॅटायटिस बी ची लस झाली नसेल तर पोस्टिंग सुरू होण्याआधी चालू करा. तिचे डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी असतात, म्हणजे उशीर केलात तर वर्ष असंच जातं.

तीन रकान्यांची वही

मराठी माध्यमातून आलेल्यांना मी पहिल्याच दिवशी एक दोनशे पानी वही घालायला सांगते. पानावर तीन रकाने. पहिल्यात इंग्रजी संज्ञा, दुसऱ्यात तिची फोड आणि अर्थ, तिसऱ्यात पेशंट हे कसं सांगेल ते.

फोड यासाठी की वैद्यकीय शब्द तुकड्यांनी बनतात. ‘ब्रॅडी’ म्हणजे मंद, ‘टॅकी’ म्हणजे जलद, ‘हायपो’ कमी, ‘हायपर’ जास्त. शेवटी ‘आयटिस’ आलं की सूज किंवा दाह, ‘एक्टोमी’ आलं की काढून टाकणं, ‘ओस्टोमी’ आलं की तोंड पाडून ठेवणं, ‘इमिया’ आलं की गोष्ट रक्तातली, ‘युरिया’ आलं की लघवीतली. असे साठ-सत्तर तुकडे पक्के झाले की ‘हायपोग्लायसेमिया’ पाठ करावा लागत नाही. कमी, साखर, रक्तात, असा तो आपोआप उलगडतो. रोज पाचच तुकडे घ्या. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत पुस्तक वाचता येऊ लागतं, हे मी बऱ्याच जणांच्या बाबतीत पाहिलं आहे.

स्पेलिंगकडे मात्र डोळेझाक नको. कमरेचं हाड इलियम आणि लहान आतड्याचा शेवटचा भागही इलियम. उच्चार जवळपास सारखा, स्पेलिंगमध्ये मधल्या एका अक्षराचा फरक. ‘हायपो’ आणि ‘हायपर’ घाईत एकसारखे ऐकू येतात, आणि पेशंटच्या बाबतीत त्यांचा अर्थ थेट उलटा होतो. फोनवरून किंवा राउंडला ऐकलेला शब्द लिहिण्याआधी पुन्हा विचारायची लाज धरू नका.

तिसरा रकाना सगळ्यात मोलाचा, आणि तो भरायला तुमच्याइतकं योग्य कोणी नाही. पोटदुखी सांगताना आपल्याकडची बाई नुसतं ‘दुखतंय’ म्हणत नाही. ‘कळ येते’ म्हणाली तर दुखणं येतंय-जातंय, म्हणजे कॉलिकी. ‘ठणकतंय’ म्हणजे थ्रॉबिंग. ‘चमक निघते’ म्हणजे शूटिंग. ‘जळजळतंय’ म्हणजे बर्निंग. ‘मुंग्या येतात’ हे टिंगलिंग, ‘घेरी येते’ हे गिडीनेस, ‘धाप लागते’ म्हणजे डिस्प्निया. ‘अंगावरून जातंय’ असं कुणी खालच्या आवाजात म्हणालं तर पांढरं की लाल, किती दिवस, किती घड्या, हे तितक्याच हळू आवाजात विचारायचं असतं. बागलाणातली आजी ‘पोट दुखी ऱ्हायनं’ म्हणाली आणि तुम्हाला अहिराणी कळत असेल, तर त्या वॉर्डात तुमच्याइतकी उपयोगी दुसरी कोणी नाही. पेशंट जे बोलला ते नीट ऐकून योग्य शब्दात नोंदवणं हीच हेल्थ असेसमेंटची सुरुवात, आणि दुसऱ्या सेमिस्टरला त्याचं वेगळं मॉड्यूलच आहे.

ॲनाटॉमी आपल्याच अंगावर, फिजिऑलॉजी ‘मग काय होतं?’ विचारत

शरीरातली २०६ हाडं पुस्तकात बघून पाठ करणं कंटाळवाणं असतं. आरशासमोर उभं राहा. गळ्याखालच्या खळगीतून बोट सरळ खाली आणा. छातीच्या हाडावर एक उंचवटा लागतो, तो स्टर्नल अँगल. तिथे दुसरी बरगडी जोडलेली असते. तिथून खाली मोजत पाचव्या आणि सहाव्या बरगडीमधल्या जागेत, कॉलरबोनच्या मध्यातून खाली सोडलेल्या रेषेवर डाव्या बाजूला हात ठेवला की हृदयाचा ठोका लागतो. एपिकल पल्स इथेच मोजतात. एवढं एकदा स्वतःवर केलं की छातीची अर्धी ॲनाटॉमी लक्षात राहते.

कुठलाही भाग शिकताना ‘सिस्टरच्या हाताला हे कुठे लागतं?’ असं विचारा. नितंबात इंजेक्शन देताना आतून सायटिक नर्व्ह जाते. ती नेमकी कुठून जाते हे माहीत नसेल तर पेशंटचा पाय कायमचा अधू होऊ शकतो. म्हणून पोस्टिरिअर सुपिरिअर इलियॅक स्पाइन (कमरेच्या हाडाचं मागचं टोक) आणि ग्रेटर ट्रोकँटर (मांडीच्या हाडाचा वरचा, बाहेरचा उंचवटा) या खुणा चाचपून ओळखता यायला हव्यात. परीक्षेत हे दोन मार्काला येतं, वॉर्डात रोज लागतं.

फिजिऑलॉजी तुकड्यांत पाठ केली तर टिकत नाही. एक पेशंट घ्या आणि ‘मग काय होतं?’ विचारत पुढे जा. समजा कांदा काढणीला आलेला मजूर. काल रात्रीपासून जुलाब-उलट्या. अंगातलं पाणी गेलं. मग काय होतं? रक्ताचं प्रमाण घटतं, दाब उतरू लागतो. मग? मानेतल्या कॅरोटिड सायनसमधले बॅरोरिसेप्टर, म्हणजे दाब जाणणारी नसांची टोकं, हे ओळखतात, सिम्पथेटिक नर्व्ह जागी होते, नाडी जलद होते, कातडीच्या रक्तवाहिन्या आवळतात, हातपाय गार पडतात. मूत्रपिंड दाब सावरायला रेनिन सोडतं, अंगात पाणी धरून ठेवणारं एडीएच वाढतं, लघवी कमी आणि गडद होते. आता तुम्हाला नाडी, त्वचा, लघवीचं माप आणि बीपी हे चारही का बघायचं ते पाठ न करता कळलं. निरोगी माणसाची दोन्ही मूत्रपिंडं मिनिटाला साधारण १२५ मिली, म्हणजे दिवसाला १८० लिटर गाळतात, आणि त्यातली दीड लिटरच्या आसपासच लघवी होते. म्हणून मोठ्या माणसाची लघवी तासाला ३० मिलीच्या खाली गेली की कळवायचं असतं.

द्राक्षाच्या पट्ट्यातल्या मुलांना मी फवारणीचं उदाहरण देते, कारण तो प्रसंग त्यांनी घरी किंवा शेजारी पाहिलेला असतो. फवारणीचं ऑर्गॅनोफॉस्फेट औषध अंगात गेलं की ॲसिटिलकोलिन (नसांचा निरोप पोचवणारं रसायन) मोडणारं कोलिनएस्टरेज बंद पडतं. ॲसिटिलकोलिन साठत जातं. तोंडाला लाळ, डोळ्यांत पाणी, बाहुल्या टाचणीएवढ्या, घाम, जुलाब, छातीत कफ दाटणं, नाडी मंद. ॲसिटिलकोलिनचा परिणाम अडवणारं ॲट्रोपिन का देतात हे मग वेगळं शिकवावं लागत नाही. प्रथमोपचारात अशा माणसाचे कपडे उतरवून अंग साबणपाण्याने धुवायचं, आणि ते करताना आपल्या हातात ग्लोव्हज हवेत. पॅरासिम्पथेटिक नर्व्हवरचं सगळं प्रकरण या एका माणसाच्या आधाराने लिहिता येतं.

चित्रं रोज एक काढा. हृदय, नेफ्रॉन, न्यूरॉन, फुफ्फुसातल्या अल्व्हिओलाय. पेन्सिलने, पुस्तक मिटून, पाच मिनिटांत. सुबकपणा नको, नावं आणि बाण बरोबर हवेत.

फाउंडेशन लॅब

इथे मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते.

सुरुवात हात धुण्यापासून. साबणपाण्याने ४० ते ६० सेकंद, सॅनिटायझरने २० ते ३० सेकंद. बोटांची टोकं, अंगठे आणि मनगट हमखास राहून जातात. हात कधी धुवायचे याचे जागतिक आरोग्य संघटनेने पाच क्षण ठरवले आहेत: पेशंटला हात लावण्याआधी, निर्जंतुक कामाआधी, शरीरातल्या द्रवाशी संपर्क आल्यावर, पेशंटला हात लावल्यानंतर, आणि पेशंटभोवतीच्या वस्तूंना हात लावल्यानंतर. पाचवा सगळे विसरतात. कॉट सरकवली, लॉकर उघडला, तरी हात धुवायचे.

मग टीपीआर (ताप, नाडी, श्वास) आणि बीपी. मोठ्या माणसाची नाडी मिनिटाला ६० ते १००, श्वास १२ ते २०. नाडी नियमित नसेल तर पूर्ण मिनिट मोजा. श्वास मोजतोय हे पेशंटला कळू देऊ नका, नाहीतर तो नकळत वेगळा श्वास घेतो. नाडी मोजून झाली तरी मनगट धरूनच ठेवा आणि छातीकडे बघत मोजा.

माझ्या पहिल्या वर्षी मी एका आजोबांचे श्वास न मोजता चार्टवर आधीच्या वेळी लिहिलेलं २० खाली उतरवलं होतं. इन्चार्ज सिस्टरने चार्ट बघितला, मला हाताला धरून कॉटपाशी नेलं आणि मिनिटभर मोजायला लावलं. ३२ भरले. त्या काही रागावल्या नाहीत, थेट डॉक्टरांना बोलवायला गेल्या. आजोबांना ऑक्सिजन लागला. त्या दिवसापासून न मोजलेला आकडा मी कधी लिहिला नाही, आणि माझ्या विद्यार्थ्यांच्या चार्टवर ओळीने २०, २०, २० दिसलं की मी त्यांनाही कॉटपाशी घेऊन जाते.

बीपी घेताना पेशंट पाच मिनिटं शांत बसलेला हवा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीला. कफ कपड्यावरून बांधायचा नाही. दंड बारीक असताना मोठा कफ वापरला तर बीपी खोटं कमी येतं, जाड दंडाला लहान वापरला तर खोटं जास्त. आधी रेडियल नाडीवर बोट ठेवून फुगवा, नाडी नाहीशी झाली तो आकडा बघा, हवा सोडा, थोडं थांबा. मग स्टेथोस्कोप कोपराच्या घडीत आतल्या बाजूला ठेवून त्या आकड्याच्या ३० वर न्या आणि सेकंदाला २-३ मिलिमीटर या गतीने उतरवा. पहिला आवाज सिस्टोलिक, आवाज पूर्ण थांबतो तो डायस्टोलिक. नवख्यांची चूक हवा भसकन सोडण्यात होते. हॉस्टेलच्या खोलीत रोज दोघींनी एकमेकींचं घ्या आणि आकडे वहीत ठेवा. पन्नास बीपी झाल्याशिवाय कानाला खात्री येत नाही.

बेड मेकिंगला कोणी हलकं समजू नका. चादरीची एक सुरकुती चार तास पाठीखाली राहिली तर अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कातडी लाल होते, आणि तिथूनच बेडसोअर सुरू होतो. ऑक्युपाईड बेड, म्हणजे पेशंट कॉटवर असतानाच, करताना त्याला आपल्यापासून पलीकडे वळवायचं, पलीकडच्या बाजूचा कठडा वर असला पाहिजे, आणि वाकायचं ते गुडघ्यात, कमरेत नाही. ही सवय आत्ता लागली तर पुढची तीस वर्षं पाठ साथ देते.

कचऱ्याचे रंग तोंडपाठ हवेत. रक्त-पू लागलेलं ड्रेसिंग, कापूस पिवळ्यात. आयव्ही सेट, कॅथेटर, ग्लोव्हज, सुई काढलेली सिरिंज लालमध्ये. सुया आणि ब्लेड पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात. काचेच्या बाटल्या, ॲम्प्यूल निळ्यात. वापरलेल्या सुईला टोपण पुन्हा लावायचं नाही. सुई टोचलीच तर जखम दाबून रक्त काढू नका, साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा आणि त्याच क्षणी इन्चार्जना सांगा. एचआयव्हीचा प्रतिबंधक उपचार शक्यतो दोन तासांच्या आत सुरू व्हावा लागतो, ७२ तासांनंतर त्याचा उपयोग राहत नाही. ओरडा बसेल म्हणून लपवलेली सुई हा पहिल्या वर्षातला सगळ्यात मोठा धोका आहे.

वॉर्डातला पहिला दिवस

पोटात काहीतरी घालून जा. सकाळच्या बसच्या घाईत उपाशी आलेली मुलगी ड्रेसिंग बघताना घेरी येऊन पडते, मग ती स्वतःलाच दोष देत बसते. डोळ्यांपुढे अंधारी आली तर तिथेच खाली बसा.

पेशंटजवळ गेल्यावर आधी नाव आणि ओळख. ‘नमस्कार आजी, मी नर्सिंगची विद्यार्थिनी आहे, तुमची नाडी बघू का?’ एवढं वाक्य पुरेसं आहे. ‘बेड नंबर बारा’ असं कुणाच्या तोंडावर म्हणू नका. मावशी, बाबा, दादा, ताई म्हणा, पण औषध किंवा सॅम्पलच्या वेळी पूर्ण नाव आणि केसपेपर दोन्ही ताडून बघा, कारण एका वॉर्डात दोन ‘पार्वताबाई’ असतातच. पडदा ओढल्याशिवाय अंगावरचं पांघरूण काढू नका. आणि जे लॅबमध्ये केलं नाही, ज्यावर मॅडमची सही नाही, ते वॉर्डात एकटीने करू नका. कोणी घाईत ‘कर गं तू’ म्हणालं तरी, ‘सिस्टर, मी केलेलं नाही, तुम्ही सोबत थांबाल का?’ असं विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

डायरीत त्याच दिवशी लिहा: काय बघितलं, काय केलं, कुठला शब्द कळला नाही. पेशंटचं नाव डायरीत नको, आणि फोटो तर अजिबात नकोत.

सोशिऑलॉजी, सायकॉलॉजी

हे विषय सोपे समजून शेवटच्या आठवड्यावर ढकलले जातात. प्रत्येक व्याख्येला आपल्या गावचं एक उदाहरण जोडून ठेवा, पुरे. पावसाळा संपला की सुरगाण्या-पेठेतून द्राक्षबागांकडे येणारी कुटुंबं हे स्थलांतराचं उदाहरण. त्यातून मुलांचं लसीकरण कसं चुकतं हे लिहिलंत की उत्तर पुस्तकाबाहेरचं आणि खरं होतं.

दुसरं सेमिस्टर

बायोकेमिस्ट्री आणि न्यूट्रिशन एकमेकांच्या आधाराने वाचा. आपल्याकडच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल आढळतो. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन येतं, एवढ्या एका बदलाने पेशी कोयत्यासारखी वाकते. अमिनो ॲसिड का शिकायचं याचं उत्तर यातच आहे.

आहाराचे तक्ते करताना पुस्तकातलं ओट्स आणि ब्रोकोली उतरवू नका. नागलीच्या (नाचणीच्या) १०० ग्रॅममध्ये साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, दुधाच्या जवळपास तिप्पट. पेठच्या गरोदर बाईला परवडणारा आणि तिच्या घरात शिजणारा आहार लिहायचा तर नागलीची भाकरी, उडदाची डाळ, रानभाजी, शेंगदाणे, आणि लोह शोषलं जावं म्हणून वर लिंबू. जेवणाबरोबर चहा नको हेही सांगा.

औषधांचं गणित आत्तापासून रोज एक सोडवा. ५०० मिली सलाईन चार तासांत द्यायचं आहे, सेट (सलाईनची नळी) मिलीला २० थेंबांचा. ५०० गुणिले २० भागिले २४० मिनिटं, म्हणजे ४१.७, मिनिटाला साधारण ४२ थेंब. मायक्रोड्रिप सेट मिलीला ६० थेंबांचा असतो, म्हणून आधी सेटच्या पाकिटावरचा आकडा वाचायचा. उत्तर आल्यावर ‘हे शक्य वाटतं का?’ असं स्वतःला विचारा. मिनिटाला ४०० थेंब आले तर कुठेतरी शून्य चुकलं आहे.

इन्फर्मॅटिक्सला, म्हणजे नर्सिंगमधल्या कॉम्प्युटरच्या विषयाला, कॉम्प्युटरवर हात चालवा, टायपिंग करा. ज्यांनी घरी कॉम्प्युटर पाहिलेला नाही त्यांनी लॅबचा तास सोडू नये.

परीक्षेच्या आधीचा महिना

मागच्या पेपरांतले दीर्घोत्तरी प्रश्न घड्याळ लावून लिहा. इंग्रजी वाक्यं लहान ठेवा. एका वाक्यात एक गोष्ट, मग आकृती. व्याकरणात थोडं चुकलं तरी संज्ञा आणि क्रम बरोबर असला तर मार्क मिळतात.

प्रॅक्टिकलला ओस्की पद्धतीत टेबलावरून टेबलावर जावं लागतं आणि प्रत्येक ठिकाणी ठरावीक मिनिटं असतात. तिथे मुलं कौशल्यात कमी आणि सुरुवातीला जास्त चुकतात: हात धुतले नाहीत, नाव विचारलं नाही, पेशंटला सांगितलं नाही. पेशंटऐवजी मॅनिकिन, म्हणजे पुतळा, असला तरी ‘बाबा, मी तुमचं बीपी घेते’ असं मोठ्याने म्हणा. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, इंग्रजी शब्द अडला तर गप्प राहू नका. ‘पेशंट याला धाप लागणं म्हणतो’ असं सांगा, परीक्षक बहुतेकदा पुढचा शब्द देतात. आणि लॉगबुकवरच्या सह्या त्या महिन्यात गोळा करायला धावू नका. ज्या दिवशी प्रोसिजर केली त्याच दिवशी, हात पुसून झाले की, मॅडमसमोर वही धरा.